लॉ स्कूलची वेटलिस्ट आणि दुसरा अर्ज: एक खुले पत्र

अमेरिकेतल्या लॉ स्कूलच्या वेटलिस्टवर यंदाचा उन्हाळा काढलेल्या मराठी मुलामुलींना, आणि त्यांच्या आईबाबांना,

सप्रेम नमस्कार.

शाळेने तुम्हाला होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. एप्रिल गेला, जागा राखण्याच्या डिपॉझिटच्या मुदती उलटल्या, मित्रांनी नव्या शहरांत घरं शोधली, आणि तुम्ही अजून मोबाइल उशाशी घेऊन झोपताय. ओळखीचं कुणी भेटलं की "काय ठरलं मग?" हा प्रश्न ठरलेला. या सगळ्यातून मी गेले आहे. ज्या शाळेने मला वेटलिस्टवर ठेवून शेवटी नकार कळवला, तिनेच पुढच्या वर्षी प्रवेश दिला. आता मी वकिली करते आणि दरवर्षी ओळखीपाळखीतल्या काही मुलांचे अर्ज वाचून देते. ते अर्ज वाचून माझं एक मत पक्कं झालंय, आणि ते सांगायलाच हे पत्र लिहितेय: पुन्हा अर्ज जरूर करा, पण तोच अर्ज पुन्हा करू नका. वर्षभरात सांगण्यासारखं काही बदलणार नसेल, तर एक वर्ष आणखी थांबा.

हे मत कुठून आलं ते कळायला वेटलिस्ट चालते कशी ते आधी बघावं लागेल.

आईबाबांच्या डोक्यात रेल्वेचं वेटिंग तिकीट असतं. आपला नंबर ठरलेला, पुढचे चार जण रद्द झाले की तो वर सरकणार. म्हणून ते विचारतात, "कितवा नंबर आहे?" लॉ स्कूलच्या यादीला बहुतेक ठिकाणी नंबरच नसतो. मान्यताप्राप्त प्रत्येक लॉ स्कूलला अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेच्या ५०९ क्रमांकाच्या नियमाप्रमाणे दर डिसेंबरात एक अहवाल जाहीर करावा लागतो. नव्या वर्गाचा एलसॅट (लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा) आणि जीपीए (कॉलेजातल्या गुणांची सरासरी) किती, हे त्यात तीन आकड्यांत येतं: २५ वा शतमक, मीडियन (मधला आकडा) आणि ७५ वा शतमक. मीडियन खाली घसरू नये ही प्रत्येक प्रवेश समितीची मोठी काळजी असते. शाळांच्या क्रमवारीत आता या आकड्यांना पूर्वीइतकं वजन नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये येल आणि हार्वर्डने यूएस न्यूज या प्रकाशनाच्या क्रमवारीतून अंग काढून घेतल्यावर तिथली मोजणी बदलली आणि नोकरी व बार परीक्षेच्या (वकिलीच्या परवान्याच्या) निकालांना जास्त महत्त्व आलं. मीडियनची धास्ती मात्र गेलेली नाही.

डिपॉझिटं जमा झाली की समिती वर्गाकडे नजर टाकते. एलसॅटचा मीडियन एका गुणाने खाली आलेला दिसला, तर यादीतल्या वरच्या एलसॅटवाल्यांना फोन जातात, त्यांचा जीपीए जरा कमी असला तरी चालतं. जीपीए घसरलेला दिसला तर उलटं. कधी वर्ग आधीच ठरल्यापेक्षा जास्त भरलेला असतो, मग कुणालाच फोन जात नाही. म्हणजे तुमचं नाव पुकारलं जाणं हे त्या आठवड्यात वर्गात कोणत्या आकाराची फट राहिली आहे यावर ठरतं, आणि ती फट तुम्हाला दिसत नाही.

इथे माझी एक तक्रार नोंदवते. पदवीची कॉलेजं कॉमन डेटा सेट नावाचं एक पत्रक भरतात. वेटलिस्टची जागा किती जणांना देऊ केली, किती जणांनी स्वीकारली आणि त्यांतले किती आत आले, हे त्यात स्वतंत्र विचारलेलं असतं, आणि बरीच कॉलेजं ते आकडे उघड करतात. लॉ स्कूलच्या ५०९ अहवालात अर्ज किती आले, प्रवेश किती दिले हे असतं, वेटलिस्टचा रकानाच नसतो. बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांना चार महिने टांगून ठेवायचं, आणि गेल्या वर्षी या यादीतून वीस आले की एकही नाही एवढं साधं सांगायचं नाही, हे मला पटत नाही. बार असोसिएशनने हा रकाना घालावा. तो येईपर्यंत तुम्हाला अंधारातच ठरवायचं आहे, हे धरून चला.

वर्षावर्षात फरकही फार पडतो. २००४ च्या सुमारास लॉ स्कूलला अर्ज करणारे लाखाच्या घरात होते. २०१५ पर्यंत ते पंचावन्न हजारांच्या आसपास आले आणि शाळा विद्यार्थ्यांच्या मागे लागल्या. २०२४-२५ च्या फेरीत अर्जदार आदल्या वर्षाहून सुमारे १८ टक्क्यांनी वाढले. जागा काही त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. एखाद्या कमी गर्दीच्या वर्षी सहज आत गेला असता असा अर्ज गर्दीच्या वर्षी वेटलिस्टवर थांबतो. त्यामुळे "माझ्यात काय कमी होतं?" या प्रश्नाचं पूर्ण उत्तर तुमच्या अर्जात सापडणार नाही. काही उत्तर मात्र तिथेच सापडतं, आणि कामाचं तेवढंच आहे.

एलसॅटपासून सुरुवात करू, कारण वर्षभरात बदलता येईल अशी सगळ्यांत वजनदार गोष्ट तीच. २००६ पासून शाळांना अनेक प्रयत्नांची सरासरी कळवावी लागत नाही, सर्वोच्च गुण धरले जातात. म्हणून १६४ चे १६८ झाले तर तुमच्याकडे बघण्याची समितीची नजर बदलते, विशेषतः तुमचा नवा आकडा त्यांच्या मीडियनच्या वर जात असेल तर. परीक्षाही बदलली आहे. ऑगस्ट २०२४ पासून लॉजिक गेम्सचा, म्हणजे बहुधा आकृत्या काढून सोडवायच्या कोड्यांचा, भाग गेला. एका अंध परीक्षार्थीच्या दाव्यात २०१९ मध्ये तडजोड झाली होती, तिच्यातून हे घडलं. आता गुणांना धरले जाणारे विभाग तीन: दोन लॉजिकल रीझनिंगचे, एक रीडिंग कॉम्प्रिहेन्शनचा. गेम्समध्ये अडखळून ज्यांचे गुण गेले होते त्यांनी पुन्हा बसावंच. उलट ज्यांना गेम्सनीच हात दिला होता त्यांनी आधी नव्या स्वरूपाचे सराव पेपर सोडवून बघावेत.

मर्यादा लक्षात ठेवा. चालू पाच वर्षांच्या काळात पाच वेळा आणि आयुष्यात एकूण सात वेळा, याहून जास्त बसता येत नाही. शिवाय सर्वोच्च गुण धरले तरी बाकीचे प्रयत्न शाळेला दिसतात. माझा सल्ला सरळ आहे. वेळ लावून, एका बैठकीत सोडवलेले पाच-सहा सराव पेपर जुन्या गुणांच्या वर येत असतील तरच तारीख घ्या. "यंदा नशीब साथ देईल" एवढ्या भरवशावर जाऊ नका.

जीपीएबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. पहिली पदवी हातात आली की एलसॅकने, म्हणजे एलसॅट घेणाऱ्या आणि अर्जाचे कागद शाळांना पाठवणाऱ्या संस्थेने, काढलेला जीपीए कायमचा गोठतो. नंतर मास्टर्स करून तो वाढत नाही, म्हणून निव्वळ जीपीए सावरायला मास्टर्सवर पैसे घालवू नका. भारतातून पदवी घेऊन आलेल्यांचा प्रकार वेगळा. त्यांच्या गुणपत्रिकांचा जीपीए एलसॅक काढतच नाही, सुपीरियर, अबव्ह ॲव्हरेज, ॲव्हरेज आणि बिलो ॲव्हरेज यांपैकी एक शेरा देतो. म्हणजे शाळेच्या जीपीए मीडियनला तुमच्यामुळे ना धक्का लागतो ना आधार मिळतो, आणि सगळा भार एलसॅटवर आणि लिखाणावर येतो. मुंबई किंवा पुणे विद्यापीठातले ६५ टक्के म्हणजे इथे किती, या हिशेबात घरोघरी रात्री जागवल्या जातात. तो हिशेब सोडा आणि सराव पेपर काढा.

आता लिखाण. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण दुसऱ्या अर्जात सगळ्यांत जास्त दुर्लक्ष इथेच झालेलं मी बघते. मुलं नवे गुण टाकतात, रेझ्युमेत एक ओळ वाढवतात आणि पर्सनल स्टेटमेंट जसंच्या तसं पाठवतात. बऱ्याच शाळा जुने अर्ज काही वर्षं जपून ठेवतात, आणि "यापूर्वी आमच्याकडे अर्ज केला होता का?" असं अर्जातच विचारतात. वाचणाऱ्यापुढे दोन्ही निबंध येऊ शकतात. शब्द न् शब्द सारखा निघाला तर त्याने काय समजायचं? या मुलाच्या आयुष्यात वर्षभर काही झालं नाही, किंवा झालं त्याचा याने विचार केला नाही.

आपल्या घरातल्या मुलांचे निबंध बरेचदा एकाच वाटेने जातात. आईबाबा दोन बॅगा घेऊन या देशात आले, पहिला हिवाळा, आजीच्या गोष्टी, आणि शेवटच्या परिच्छेदात "म्हणून मला कायदा शिकायचा आहे". आईबाबांचे कष्ट खरे आहेत, मुलांची कृतज्ञताही खरी आहे. पण असा निबंध वाचून झाल्यावर मला आईबाबा भेटलेले असतात, अर्ज करणारा भेटलेला नसतो. २९ जून २०२३ च्या निकालात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशाच्या आधारावरचे प्रवेश बंद केले. त्याच निकालात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी हेही लिहिलं की आपल्या वंशाचा आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने सांगितलं तर विद्यापीठाला ते विचारात घेता येईल, मात्र ते त्या व्यक्तीच्या चारित्र्याशी किंवा तिच्या एखाद्या खास क्षमतेशी जोडलेलं हवं. त्यामुळे आपल्या घराबद्दल लिहायला बंदी नाही. फक्त त्यातून तुम्ही काय करायला शिकलात, कोणतं काम तुमच्या हातून होतं, ते दिसलं पाहिजे.

एका मुलीचं सांगते. पहिल्या निबंधात तिने न्याय, समता आणि तिचं वादविवाद मंडळ यांवर दोन पानं लिहिली होती. वाईट नव्हती, पण ती कुणाचीही असू शकली असती. वेटलिस्ट, मग नकार. ती इमिग्रेशनचं काम करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात पॅरालीगल (वकिलाची मदतनीस) म्हणून लागली. दुसरा निबंध तिने तिथल्या एका तक्त्यावर लिहिला. कुठल्या अशिलाची कुठली मुदत कधी संपते याचा तक्ता तिनेच तयार केला होता, आणि तो करताना तिला कळलं की माणसाची बाजू कितीही खरी असली तरी कागद एक दिवस उशिरा पोचला तर ती बाजू ऐकलीच जात नाही. याचा तिला आधी राग आला. मग मुदती असतात कशासाठी हे तिने वाचून काढलं, आणि राग थोडा कमी झाला, पूर्ण गेला नाही. निबंध तिथेच संपला होता. न्याय हा शब्द त्यात एकदाही नव्हता. मी तिला एक स्वल्पविरामसुद्धा बदलायला सांगितला नाही.

याचा अर्थ प्रत्येकाने वकिलाच्या ऑफिसातच काम करावं असा नाही. शाळेत शिकवा, बँकेत बसा, आमदाराच्या कचेरीत लोकांच्या तक्रारी नोंदवा. हार्वर्ड, येल, नॉर्थवेस्टर्न अशा शाळांच्या वर्गांत कॉलेजातून थेट आलेल्यांपेक्षा मध्ये काम करून आलेले जास्त असतात. म्हणजे मधलं वर्ष हे अर्जावरचा डाग नाही, अनेक ठिकाणी तेच नेहमीचं झालंय. मात्र ते वर्ष भरायला हवं. "एलसॅटचा अभ्यास" एवढंच एका वर्षापुढे लिहिता आलं तर तो वाया गेलेला मोका आहे.

शिफारसपत्रं एलसॅकच्या खात्यात राहतात, तुमची नोंदणी पाच वर्षं चालते, त्यामुळे जुनी पत्रं पुन्हा वापरता येतात. तरी ज्या प्राध्यापकांनी लिहिलं त्यांना एक मेल करून नवी तारीख आणि दोन नव्या ओळी मागा, आणि कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठांचं एक पत्र नवं घ्या.

एका बाबतीत मात्र दोन्ही अर्ज तंतोतंत जुळले पाहिजेत. शिस्तभंगाची कारवाई, पोलिसांनी कधी अडवलं असेल, कॉलेजची प्रोबेशन, या प्रश्नांची उत्तरं. पहिल्या अर्जात जे सांगितलं ते दुसऱ्यात गाळू नका, आणि पहिल्यात राहून गेलं असेल तर या वेळी स्पष्ट लिहा. पुढे वकिलीच्या परवान्यासाठी तुमच्या चारित्र्याची छाननी होते, तेव्हा लॉ स्कूलचा अर्ज मागवून ताडून बघतात. तिथे मूळ घटनेपेक्षा ती लपवल्याचाच त्रास जास्त होतो. दारू पिऊन हॉस्टेलवर पकडलं गेल्याचं आईबाबांना माहीत नसेल, तर अर्जाच्या निमित्ताने त्यांनाही सांगून टाका.

वेळेचं गणित पुन्हा अर्ज करणाऱ्याच्या बाजूने असतं. बहुतेक शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला अर्ज घ्यायला लागतात आणि येतील तसे वाचत जातात. जानेवारीत पाठवलेला अर्ज बराचसा भरत आलेल्या वर्गापुढे येतो. तुमच्या गुणपत्रिका, पत्रं, खातं सगळं तयार आहे. ऑगस्टपर्यंत एलसॅट उरकून ऑक्टोबरात अर्ज पाठवणं तुम्हाला जमू शकतं, पहिल्यांदा करणाऱ्याला ते क्वचित जमतं. पण घाईने कच्चा निबंध पाठवण्यापेक्षा नोव्हेंबर परवडला.

खर्चाचं सांगायचं तर २०२५-२६ साली एलसॅटची फी २४८ डॉलर, एलसॅकच्या नोंदणीचे २१५ आणि प्रत्येक शाळेला एलसॅककडून पाठवायच्या तुमच्या कागदपत्रांच्या अहवालाचे ४५ डॉलर. नोंदणीची फी तुम्ही पाच वर्षांच्या आत असाल तर पुन्हा भरायची नाही, अहवाल मात्र प्रत्येक शाळेसाठी नव्याने घ्यावे लागतात. शाळेची स्वतःची अर्ज फी वेगळी, ती माफ करा म्हणून मेल करायला लाजू नका. पुष्कळ शाळा करतात.

यादी वाढवा. मागच्या वेळी सहा शाळा असतील तर या वेळी बारा-चौदा असू द्या, आणि त्यांत किमान चार अशा घ्या जिथे तुमचा एलसॅट आणि जीपीए दोन्ही मीडियनच्या वर आहेत. आपल्याकडे नावावर भाळण्याची सवय फार. क्रमवारीतल्या पहिल्या चौदा शाळांची नावं आईबाबांनाही पाठ असतात, पंचविसावी कुणाला माहीत नसते. ज्या राज्यात तुम्हाला राहायचंय तिथली साठाव्या क्रमांकाची शाळा तिथल्या कोर्टांत आणि ऑफिसांत खूपदा जास्त ओळखीची असते. प्रत्येक शाळेचे विद्यार्थी पदवीनंतर दहा महिन्यांनी कुठे नोकरीला लागले हेही बार असोसिएशनच्या नियमाने जाहीर होतं. ते कागद उघडून वाचा.

यंदा एखाद्या दुसऱ्या शाळेचा होकार तुमच्या हातात असेल, तर तो सोडून पुन्हा अर्ज करायचा का? यावर मला मोघम बोलायचं नाही. शाळा तुम्हाला खरोखर चालण्यासारखी असेल, स्कॉलरशिप बरी असेल आणि राज्य पसंत असेल, तर जा. फक्त "पहिलं वर्ष करू आणि वरच्या शाळेत ट्रान्सफर घेऊ" या बेताने जाऊ नका. पहिल्या वर्षाचे गुण सगळ्या वर्गात तुलनेने वाटले जातात. तिथे आलेला प्रत्येक जण हुशार आहे आणि वरच्या दहा टक्क्यांत बसणार असं प्रत्येकालाच वाटत असतं. ट्रान्सफर मिळाली तरी स्कॉलरशिप सहसा मागे राहते. आणि स्कॉलरशिपला अमुक गुणांची अट आहे का ते नीट बघा. अट असेल तर गेल्या वर्षांत किती विद्यार्थ्यांची कमी झाली किंवा गेली हे ५०९ अहवालात छापलेलं असतं. तो आकडा मोठा दिसला तर मी होकार सोडून एक वर्ष थांबेन.

थांबण्याचा हिशेब आता कर्जामुळेही बदललाय. ४ जुलै २०२५ ला सही झालेल्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्याने कर्ज घेणाऱ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद केलं. पूर्वी त्यातून शिक्षणाचा राहिलेला सगळा खर्च उचलता यायचा. आता लॉ स्कूलसाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर. न्यूयॉर्कमधल्या मोठ्या खासगी शाळांची नुसती ट्यूशनच वर्षाला ७० हजारांच्या वर आहे, राहणं-खाणं वेगळं. मधली रक्कम खासगी कर्जातून उभी करावी लागेल, आणि तिथे बऱ्याचदा आईबाबांची सही मागतात. म्हणून दुसऱ्या अर्जात वरची शाळा मिळवणं आणि जरा खालच्या शाळेत मोठी स्कॉलरशिप मिळवणं, या दोन्हीला मी सारखंच यश म्हणते. एलसॅटचे चार गुण दोन्हीकडे उपयोगी पडतात. अर्ली डिसिजनचा, म्हणजे होकार आला तर तिथेच जायला बांधून घेणारा, अर्ज करण्याआधी या हिशेबावर घरी एकत्र बसून बोला, कारण तिथे होकार आला की घासाघीस करायची सोय उरत नाही.

ज्यांच्याकडे नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड नाही, त्यांच्यासाठी "एक वर्ष थांब" हा सल्ला इतका सोपा नाही, आणि तो सहज देणाऱ्यांचा मला राग येतो. एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या कामाच्या व्हिसावर अवलंबून, वाढलेल्या मुलांचा दर्जा २१ पूर्ण झाले की संपतो. ती बहुतेक एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर येतात, आणि पदवीनंतर थांबायचं तर ओपीटी, म्हणजे काही काळ काम करायचा परवाना, लागतो. त्याचा अर्ज पदवी संपल्यानंतर ६० दिवसांच्या आत गेलाच पाहिजे, काम पदवीच्या विषयाशी संबंधित हवं, आणि एकूण ९० दिवसांहून जास्त बेकार राहता येत नाही. सरकारी कर्ज तर एफ-१ वाल्यांना मिळतच नाही. तुम्ही या गटात असाल तर वेटलिस्टच्या भरवशावर ओपीटीची मुदत जाऊ देऊ नका. मे महिन्यातच कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन बसा. वेटलिस्टवरून बोलावणं आलंच तर ओपीटी सोडता येतो, हुकलेला ओपीटी परत मिळत नाही.

अजून यादीत नाव असेल त्यांच्यासाठी थोडं. आपली इच्छा कायम आहे हे सांगणारं पत्र एक पान पुरे, आणि नवं काही घडल्यावरच पुढचं. दर आठवड्याला मेल टाकण्याने उपयोग होत नाही. ऑगस्टमध्ये फोन आलाच तर उत्तराला एखाद-दोन दिवसच मिळतात, म्हणून पैशांचं आणि राहण्याचं काय करायचं ते आत्ताच ठरवून ठेवा. आणि नकार आल्यावर, किंवा वर्ग सुरू होऊनही काहीच न आल्यावर, नम्रपणे विचारा की पुढच्या वेळी काय सुधारता येईल. उत्तर देणाऱ्या शाळा थोड्या आहेत, पण आहेत.

आईबाबांनो, तुमच्याशी दोन शब्द. तुमच्यातले अनेक जण एका परीक्षेच्या एका निकालावर आयुष्य ठरताना बघत मोठे झाले आहेत, त्यामुळे वर्ष गेलं हे तुमच्या जिवाला लागतं. मुलगी सव्वीसाव्या वर्षी वकील झाली की सत्ताविसाव्या, याने इथे कुणाचं काही अडत नाही. मात्र घरात रोज "मेल आला का?" विचारल्याने तिचं फार अडतं. नोकरी लागली तर ती खरी नोकरी समजा, "सध्या तात्पुरतं काहीतरी करतेय" असं तिच्यासमोर लोकांना सांगू नका. निबंधात आपल्या कष्टांचा उल्लेख नाही म्हणून खट्टू होऊ नका. तिने तुम्हाला वगळलं नाही, तिला स्वतःबद्दल सांगायला तीन पानंसुद्धा मिळत नाहीत. आणि जमलं तर या वर्षी तिच्या एलसॅटच्या फीपेक्षा तिच्या सकाळच्या दोन शांत तासांची काळजी घ्या.

ज्यांचं पुन्हा अर्ज करायचं ठरलंय त्यांनी जुन्या अर्जाची प्रत एलसॅकच्या खात्यातून आत्ताच उतरवून घ्या. सप्टेंबरात नवा निबंध तयार झाला की ज्यांच्या वाचनावर तुमचा विश्वास आहे अशा एखाद्या माणसाला दोन्ही एकत्र द्या आणि कोणता आधीचा हे सांगू नका. त्यांनी ओळखला नाही, तर अर्ज अजून पाठवू नका.

तुमची,
एका वेटलिस्टवरून पुढे आलेली एक वकील